वर्षाच्या मध्येच वर्गखोली बदलायला सांगितलीय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी शिक्षकमंडळींकडून हे प्रश्न येतच राहतात, जास्त करून पावसाळा संपता संपता, कारण छत कुठे गळतं ते तेव्हाच कळतं, नाहीतर सहामाही झाल्यावर दोन सेक्शन एकत्र करतात तेव्हा. विचारणाऱ्यांत सरकारी, प्रायव्हेट, सीबीएसई, एमपी बोर्ड सगळेच आहेत, म्हणून जिथे फरक पडतो तिथे वेगळं लिहिलंय.

१. प्राचार्यांनी कॉरिडॉरमध्ये तोंडी सांगितलं, "सोमवारपासून वर बसा." एवढ्यावर सामान हलवू का?

नको. दोन ओळी लिखित घ्या. कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत, कधीपासून, उचलायला माणसं कोण देणार आणि किल्ली कोणाकडे, बस इतकंच. प्रायव्हेट शाळेत व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालतो, सरकारी शाळेत आदेश-पंजीत, म्हणजे आदेशांच्या नोंदवहीत, नोंद करून घ्या. यात अविश्वास वगैरे काही नाही, पण पंखे, बेंच, कपाटं स्टॉक रजिस्टरमध्ये खोलीच्या नावावर चढलेली असतात आणि मार्चमध्ये मोजदाद झाली की "इथलं स्टीलचं कपाट कुठे गेलं" हे तुम्हालाच विचारतात, तेव्हा तोंडी सांगणाऱ्याला काही आठवत नसतं. आणि हो म्हणायच्या आधी खोली बघून या, प्रश्न २ बघा.

२. नवीन खोलीत आधी काय बघायचं?

तुमचे तास ज्या वेळेला असतात त्याच वेळेला जा, सुट्टी झाल्यावर रिकाम्या खोलीत जाऊन काहीच कळत नाही. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरळ फळ्यावर येतं का, दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन शेवटच्या बेंचवरच्या मुलांच्या डोळ्यात जातं का, शेजारी म्युझिक रूम आहे का, खाली जनरेटर आहे का, पीटीच्या सरांची शिट्टी किती ऐकू येते. मग एकेक बटण दाबा. प्रत्येक पंखा, प्रत्येक ट्यूबलाइट, प्रत्येक प्लग, आणि प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा, नुसतं बघून प्लग चालू आहे की नाही कळत नाही. खिडक्यांच्या कड्या लागतात का. दाराला आतून कडी असेल तर लहान मुलांच्या हाताला पोचते का, म्हणजे ती पोचायला नको.

शेवटच्या बेंचवर बसा आणि कोणाला तरी फळ्यावर चार ओळी लिहायला सांगा. जुना हिरवा फळा घासून घासून गुळगुळीत झाला असेल तर कोपऱ्यातून निव्वळ चकाकी दिसते, अक्षर दिसतच नाही. हे आधी सांगितलं तर फळा रंगवून मिळतो, तिथे बसायला लागल्यावर सांगितलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा म्हणतात.

भिंतीला ओल असेल तर हात लावून बघा, खपली पडत असेल तर त्या भिंतीला कपाट लावायचंच नाही, पुस्तकं महिन्याभरात वास मारतात. सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी ऑफिसला पाठवा.

३. हलवायला चांगला दिवस कोणता?

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसारखी लांबलचक दिवाळी सुट्टी आपल्याकडे नसते, त्यामुळे "दिवाळीत निवांत करू" हे इथे जमत नाही. दसऱ्याच्या सुट्टीतला मधला एखादा दिवस मिळाला तर उत्तम, नाहीतर शनिवार. सोमवारी सकाळी अजिबात नाही आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तर नाहीच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते ती वापरू का असं दरवर्षी कोणीतरी विचारतं, तर रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्या बघून जागलेले शिपाई भैयाजी सकाळी येऊन कपाटं उचलतील ही आशा सोडा. आणि रंगपंचमीची सुट्टी मोठी कामाची वाटते पण गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत वर्षच संपत आलेलं असतं, मग आता एप्रिलमध्येच बदला ना.

४. एका दिवसात होतं का?

सामान हलतं एका दिवसात. खोली लागायला आठवडा जातो. पहिल्याच दिवशी सगळं लावायच्या मागे लागू नका, प्रश्न ७ बघा.

५. काय न्यायचं आणि काय टाकायचं?

या वर्षी एकदाही हात लागला नाही ते न्यायचं नाही, हा माझा नियम, आणि यावर लोक माझ्याशी वाद घालतात. तीन वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्ट फाइल्स, वाळलेले मार्कर, एक मिनार तुटलेला थर्माकोलचा ताजमहाल, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले चार्टपेपरचे तुकडे, हे सगळं दोन जिने चढवून न्यायचं आणि परत कपाटावर ठेवायचं याला काय अर्थ आहे. मुलांच्या वस्तू मात्र मुलांना विचारून टाका, थर्माकोलचा असला तरी तो कोणाचा तरी ताजमहाल आहे.

रद्दी अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देताना एकदा चाळा, त्यात गुणपत्रिका, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, आधारची कॉपी असं काही जाऊ देऊ नका, ते फाडून मगच द्या. बाकी कचरा आपल्या इंदूरच्या हिशोबाने सहा ठिकाणी, ओला, सुका, प्लास्टिक, ई-वेस्ट, घरगुती धोकादायक आणि सॅनिटरी. घड्याळाचे सेल, जुने माउस, केबल हे सुक्यात टाकलं तर गाडीवाले ऐकवतात आणि बरोबरच ऐकवतात.

आणि स्टॉक रजिस्टरवर असलेली वस्तू, मोडकी खुर्ची का असेना, स्वतःच्या मनाने अटाल्यात द्यायची नाही. तिचं आधी अपलेखन व्हावं लागतं, म्हणजे रजिस्टरमधून ती रीतसर कमी व्हावी लागते. तोपर्यंत ती जुन्या खोलीतच ठेवून ऑफिसला लेखी कळवा, नवीन खोलीत नेली तर ती कायमची तुमचीच झाली.

६. खोकी कुठून आणायची आणि कशी भरायची?

शाळेच्या ऑफिसातच ए-४ कागदाची खोकी पडलेली असतात, तीच सगळ्यात चांगली, मजबूत आणि हाताळायला नीट. पण काठोकाठ भरू नका. ७५ जीएसएमचं पाचशे कागदांचं एक रीम सव्वादोन किलोच्या थोडं वर भरतं, अशी दहा रीम त्या खोक्यात असतात, म्हणजे पुस्तकांनी भरलेलं खोकं वीस-बावीस किलोच्या पुढे जातं आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा तळ सुटतो. खाली पुस्तकं, वर हलकं सामान, अर्ध्यापर्यंत. कमी पडली तर किराणा दुकानातून घ्या, फक्त तेलाच्या डब्यांची खोकी वह्यांसाठी नको.

नाव झाकणावर लिहू नका. एकावर एक रचली की झाकणं दिसतच नाहीत. दोन बाजूंना लिहा आणि "संकीर्ण" असं कुठल्याच खोक्यावर लिहायचं नाही, तसं खोकं एप्रिलपर्यंत उघडत नाही.

७. पहिल्या दिवशी काय तयार असलंच पाहिजे?

फळा, हजेरी, प्रत्येक मुलाला बसायला जागा आणि प्यायच्या पाण्याची सोय. बाकी सगळं खोक्यात राहू द्या.

यासाठी एक वेगळं खोकं करा आणि ते कोणाच्याही हातात न देता स्वतः न्या. त्यात हजेरीपट, टाइमटेबल, खडू किंवा मार्कर, डस्टर, कात्री, फेव्हिकॉल, चार-पाच जादा पेन्सिली, फर्स्ट एडचा डबा, कपाटाच्या किल्ल्या, चालू धड्याची पुस्तकं आणि तपासायला घेतलेल्या वह्या. वह्या विशेष सांगतेय कारण चाळीस वह्यांचा गठ्ठा एकदा दुसऱ्या खोक्यात गेला की मुलं रोज विचारतात, "मॅम, कॉपी कब मिलेगी?" आणि घरून आया विचारतात ते वेगळंच.

मुलांना खोली नवीन झाली तरी दिवस तोच वाटला पाहिजे. प्रार्थनेनंतर जे होतं तेच, त्याच क्रमाने. जुन्या खोलीत गृहपाठाच्या वह्या दाराजवळच्या टेबलावर ठेवायची सवय असेल तर इथेही दाराजवळच टेबल. भिंती सजवण्यात पहिले दोन दिवस घालवणारे शिक्षक मी पुष्कळ बघितलेत, भिंती छान होतात आणि मुलं आठवडाभर "मॅम ये कहाँ रखें" करत फिरतात.

८. मुलांकडून सामान उचलून घेतलं तर चालतं का?

स्वतःचं दप्तर, स्वतःच्या वह्या, कुंडीतलं छोटं रोप, गुंडाळलेला चार्ट, हे चालतं आणि त्यांना आवडतंही. बेंच, कपाट, टेबल, पाण्याचा कॅम्पर, काच असलेलं काहीही, अजिबात नाही, मग नववीतली दांडगी मुलं कितीही "सर हम कर देंगे" म्हणोत. जिन्यावर बेंचचा पाय निसटला की खालच्याच्या अंगावर येतो.

लॉकरमधलं सगळं एकाच दिवशी घरी पाठवणं हेपण ओझं उचलायला लावणंच आहे. २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं आहे, म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. तीन दिवसांत वाटून पाठवा.

९. बेंच, कपाटं हलवायला मीच माणसं शोधायची का?

नाही, ते शाळेचं काम. प्रश्न १ मधल्या दोन ओळींत ते लिहून घ्यायला सांगितलं ते यासाठीच. कलमं काढून भांडायची गरज नसते, "कोण उचलणार ते लिहून द्या" म्हटलं की बहुतेक वेळा माणसं मिळतात. बेंच ओढत नेऊ देऊ नका, कोटा स्टोनवर ओरखडे राहतात आणि पायांची रबरी टोपणं निघून पडतात, मग वर्षभर बेंच सरकला की कर्रर्र. भैयाजींच्या चहा-पोह्याचं मात्र तुम्ही बघा, कचोरी आणली तर कपाटाला जिन्यात एकही धक्का बसत नाही.

१०. स्मार्ट पॅनेल आणि प्रोजेक्टर आम्हीच काढून लावू शकतो का?

प्रोजेक्टर बंद करून गार होऊ द्या, मग काढता येतो. पॅनेलला हात लावू नका. ६५ इंची पॅनेल चाळीस किलोच्या आसपास असतं, ते उभंच न्यायचं असतं, आडवं झोपवलं तर स्वतःच्याच वजनाने काचेवर ताण येतो. शाळेने ज्यांच्याकडून घेतलं त्यांचा माणूस बोलवा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवीन भिंत. मोठा हॉल मध्ये भिंत घालून दोन वर्ग केलेले असतील तर ती मधली भिंत बहुतेक वेळा चार इंची असते, कुठे कुठे तर प्लायचीच. तिथे ब्रॅकेट ठोकायचं नाही, चाकाचा स्टँड मागा. आणि पॅनेलसमोर खिडकी येत असेल तर पडदा आधी, पॅनेल नंतर.

११. पहिली-दुसरीची मुलं गोंधळतात, जुन्या वर्गासमोर जाऊन उभी राहतात. काय करू?

राहणारच. हलवायच्या एक-दोन दिवस आधी सगळ्यांना रांगेत तिकडे फिरवून आणा, फक्त वर्ग नाही, पाणी कुठे, बाथरूम कुठे, मैदानात जायचा जिना कुठला, हे सगळं. जुन्या दारावर कागद लावा, पण वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर चित्र हवं. माशाचं चित्र जुन्या दारावर, तेच जिन्याच्या वळणावर, तेच नवीन दारावर, मुलं मासे शोधत बरोबर येतात. पहिला आठवडाभर सकाळी पंधरा मिनिटं एक दीदी जुन्या दाराशी उभी करा.

एखादं मूल रडतं आणि कारण सांगत नाही तेव्हा बाथरूमची चौकशी करा. लांब पडलं म्हणून किंवा मोठ्या मुलांचं आहे म्हणून घाबरून दिवसभर जातच नाहीत, पाणीही पीत नाहीत.

१२. वर्गात व्हीलचेअरवरचं मूल आहे, किंवा कोणाला कमी ऐकू येतं. वरच्या मजल्यावर जायला सांगितलंय.

लिफ्ट किंवा रॅम्प नसेल तर हा वर्ग वर जाऊ शकत नाही, इथे "बघू, ॲडजस्ट करू" चालत नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात, म्हणजे २००९ च्या, शाळेच्या इमारतीत अडथळ्याशिवाय ये-जा करता यावी असं स्पष्ट आहे, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वेगळा आहेच. मुलाला रोज उचलून वर नेणं हा उपाय नाही, त्या मुलाला विचारून बघा कसं वाटतं ते. वर्ग खालीच ठेवा, दुसरा कोणतातरी वर्ग वर पाठवा. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेल्या मुलासाठीही तेवढ्या दिवसांपुरतं हेच.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी खोली टाळी वाजवून तपासा, आवाज घुमत असेल तर पडदे आणि सॉफ्टबोर्ड आधी लावून घ्या. ऑटिझम असलेल्या मुलाला मात्र सगळ्यांच्या आधी, रिकाम्या खोलीत, आईसोबत घेऊन या, फोटो काढून घरी द्या, आणि त्याची बसायची जागा तीच ठेवा, खिडकीजवळ तर खिडकीजवळ.

१३. वास्तूप्रमाणे मुलांचं तोंड पूर्वेला पाहिजे का?

हा प्रश्न पालकही विचारतात आणि स्टाफरूममध्ये तर यावर तास रंगतो. माझं उत्तर, फळ्याच्या मागे खिडकी नको आणि मुख्य उजेड मुलांच्या डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर हाताची सावली पडत नाही. डावखुऱ्यांना उलट बाजूच्या रांगेत बसवा. हे साधून पूर्व दिशा मिळाली तर घ्या की, कोण नको म्हणतंय.

१४. खोली लहान आहे, मुलं मावत नाहीत. काही नियम आहे का?

सीबीएसईच्या शाळांसाठी वर्गखोली किमान ५०० चौरस फूट आणि दर मुलामागे किमान एक चौरस मीटर असं आहे. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा आणि आकडा प्राचार्यांसमोर ठेवा, "खूप दाटी होते" म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो. तोपर्यंत शिक्षकाचं मोठं टेबल बाहेर काढा, एक छोटं डेस्क पुरतं, कपाटं मागच्या भिंतीला, आणि दाराकडे जायची वाट कधीही बेंचने अडवायची नाही. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते मुलांना नवीन खोलीतून एकदा चालवून दाखवा, जुना रस्ता त्यांच्या डोक्यात पक्का असतो.

१५. त्या खोलीतल्या आधीच्या मॅडमचं सामान अजून तिथेच आहे, बोलायला संकोच वाटतो.

बोला, पण खोकी घेऊन जा. "ताई, तुमचं सामान भरायला मी थांबते, कुठे पोचवायचं ते सांगा" म्हटलं की राग येत नाही, बहुधा त्यांनाही कोणी लेखी सांगितलेलं नसतं. त्यांच्या मागे स्वतः भरून बाहेर ठेवू नका, मग "माझी स्टेपलर तिथेच होती" दोन वर्षं ऐकावं लागतं.

१६. चार्ट भिंतीवर टिकतच नाहीत.

चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप लावली की टेप रंगासकट खाली येते. दोन टोकांना दोन खिळे, मध्ये सुतळी, आणि कपड्यांचे चिमटे. चार्ट बदलायलाही सोपं. काढताना चार्ट गुंडाळा, घडी घातली की घडीवरच फाटतो. नवीन घ्यायचेच असतील तर खजुरी बाजारात एकदम घ्या. पण आधी प्रश्न १९ वाचा.

१७. पालकांना काय कळवायचं?

खोली नंबर, मजला, कुठल्या गेटने जवळ पडतं, कधीपासून, आणि लहान मुलांना घ्यायला येणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं. व्हॅनवाल्या भैयांना वेगळं सांगा, ते पालकांच्या ग्रुपमध्ये नसतात. कारण एका ओळीत खरं खरं लिहा, छत गळत होतं तर गळत होतं. लपवलं तर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर तीन वेगळ्या गोष्टी तयार होतात.

१८. खोलीत दुपारी दुसरी शिफ्ट बसते, आमचं सामान हलवतात.

एक कपाट कुलूपबंद तुमचं, एक त्यांचं, भिंत अर्धी अर्धी. फळ्याच्या कोपऱ्यात "मिटवू नका" लिहून काही होत नाही, मोबाइलने फोटो काढून ठेवा. दुसऱ्या शिफ्टच्या शिक्षकांना एकदा भेटा, निम्मी भांडणं न भेटल्यामुळेच होतात.

१९. आमची नवीन खोली बोर्डाच्या परीक्षेला किंवा मतदानाला घेतात. मग?

बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत येतात आणि परीक्षेच्या खोलीत भिंतीवर अभ्यासाचं काही चालत नाही, तेव्हा डिसेंबरनंतर तिथे नवीन चार्ट लावण्यात पैसे घालू नका. तुमचा वर्ग तेवढे दिवस कुठे बसणार ते आत्ताच विचारून ठेवा, नाहीतर वर्षातून दोनदा हलाल. मतदान असेल तर पथक आदल्या दिवशीच मुक्कामाला येतं, त्यामुळे किमती वस्तू, पॅनेलचा रिमोट, तपासायच्या वह्या सगळं त्याआधी बंद कपाटात. दाराशेजारी मतदान केंद्राचा क्रमांक रंगवलेला असेल तर त्यावर वर्गाच्या नावाची पाटी ठोकू नका.

२०. सायन्स लॅब हलवायची आहे, हेच सगळं लागू?

बेंच-कपाटांपुरतं हो. रसायनांसाठी नाही. तीव्र ॲसिड एका फेरीत, अल्कली दुसऱ्या फेरीत, स्पिरिटसारखं पेट घेणारं तिसऱ्या फेरीत, बाटल्या उभ्या, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि त्या वेळी जिन्यात एकही मूल नको. लेबल गेलेली बाटली वास घेऊन ओळखायची नाही, ती वेगळी ठेवून विभागप्रमुखांना सांगा. फॉर्मेलिनमधल्या बरण्यांची झाकणं आदल्या दिवशी टेपने बंद करा. गॅसची जोडणी काढणं-लावणं एजन्सीच्या माणसाकडूनच. नवीन खोलीत सिंकला पाणी येतं का आणि ते खाली जातं का, दोन्ही बघून मगच पहिली बाटली उचला.

२१. मी स्वतःच्या पैशाने घेतलेलं बुकशेल्फ, घड्याळ, कुंड्या, हे माझंच ना?

तुमचंच, पण बिल किंवा निदान मागे चिकटवलेलं नाव हवं. दोन-तीन वर्षं एकाच जागी असलेली वस्तू सगळ्यांना शाळेचीच वाटते. हलवायच्या आधी यादी करून प्राचार्यांची सही घ्या, एक प्रत तुमच्याकडे. मुलांच्या वाढदिवसाला पालकांनी वर्गाला दिलेली पुस्तकं मात्र वर्गाची, ती मुलं पुढच्या वर्गात गेली तरी पुस्तकं तुमच्या घरी न्यायची नाहीत.